नव्या मुद्रितशोधकाचे दप्तर : काय विकत घ्यावे, काय फुकट मिळते

बाहेरच्यांना बिरसी माहीत असते ती विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी, तिच्यावर शिकणारे भावी वैमानिक आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली हैदराबादची प्रवासी सेवा, एवढीच गावाची ओळख छापून येते. पण बिरसी, कामठा आणि गोंदिया या पट्ट्यात मराठी घेऊन बी.ए., एम.ए. झालेली बरीच मुले-मुली आहेत आणि त्यांच्याकडे हल्ली एक काम येऊ लागले आहे. कुणाचा प्रबंध नागपूर विद्यापीठात जमा करण्याआधी वाचून द्यायचा असतो, कुणाचा कवितासंग्रह, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, दिवाळी अंकाची प्रुफे, नाहीतर स्थानिक दैनिकाच्या डेस्कवर संध्याकाळची चार तासांची पाळी. काम मिळाले की पहिला प्रश्न येतो तो हाताशी काय ठेवायचे आणि त्याला पैसे किती लागतील.

आकडा आधीच सांगतो. मराठी मजकुराचे काम सुरू करायला दीड हजार रुपये पुरतात. त्यातले हजारभर पुस्तकांचे, बाकीचे टपाल, कागद आणि छपाईचे. संगणक किंवा चांगला फोन घरात आहे असे धरले आहे. याहून जास्त खर्च पहिल्या वर्षात कुणी सुचवत असेल, तर त्याला तुमच्या मराठीपेक्षा स्वतःच्या विक्रीची काळजी अधिक आहे.

खाली मी किमती न देता 'इतके बाजूला ठेवा' अशी तरतूद सांगितली आहे. मराठी पुस्तकाची किंमत दर पुनर्मुद्रणात बदलते, म्हणून मागवण्याआधी चालू आवृत्तीची छापील किंमत विचारून घ्या. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, कोशावरही नाही. बिलात तो लावलेला दिसला तर तिथेच हरकत घ्या. छापील किमतीपेक्षा जास्त तर मुळीच देऊ नका.

आधी विकत घ्यायची तीन पुस्तके

पहिले पुस्तक अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश'. यासाठी पाचशे-सहाशे रुपये बाजूला ठेवा. शब्द कसा लिहायचा एवढेच सांगून हा कोश थांबत नाही. प्रत्यय लागताना त्या शब्दाचे काय होते, म्हणजे त्याचे सामान्यरूप काय, तेही देतो. प्रुफे वाचताना तुम्ही अडणार असता ते नेमके तिथेच. 'तांदूळ' सगळ्यांना येतो, 'तांदळाचा' लिहिताना हात थबकतो. तांदळाच्या जिल्ह्यात बसून हा शब्द चुकवणे बरे दिसत नाही.

दुसरे, याच लेखकाचे 'शुद्धलेखन ठेवा खिशात'. नावाप्रमाणे खिशात मावणारे आहे, त्याला शंभराची नोट धरा. मोठा कोश घरी राहतो, हे पुस्तक छापखान्यात आणि डेस्कवर सोबत येते.

तिसरे व्याकरणाचे. मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या घरात असतेच. तुमच्याकडे नसेल तर शेजारच्या घरी चौकशी करा, एमपीएससीचा नाद सुटलेल्या एखाद्या दादाकडे नक्की सापडेल. नवे घ्यायचे तर तीनशे रुपये धरा.

यास्मिन शेख यांच्या पुस्तकांचे नाव इथे का नाही, असे जाणकार विचारतील. त्यांची 'मराठी लेखन मार्गदर्शिका' आणि 'मराठी शब्दलेखनकोश' दोन्ही भरवशाची आहेत. १९२५ साली जन्मलेल्या या बाईंनी आयुष्यभर व्याकरण शिकवले आणि 'अंतर्नाद' मासिकासाठी व्याकरण सल्लागार म्हणून काम केले. मराठी मासिकाने असा सल्लागार नेमणे हीच मोठी गोष्ट. फडके आणि शेख यांच्यापैकी एकच कोश परवडत असेल, तर जो लगेच मिळेल तो घ्या. दोन्ही घेतलेत तर काही शब्दांवर त्यांचे मतभेद दिसतील. अशा वेळी कुठला कोश मानायचा ते एकदा ठरवा आणि पूर्ण पुस्तकभर तोच पाळा. वाचकाला त्रास होतो तो पान १२ वर एक रूप आणि पान ८० वर दुसरे दिसल्याने.

जुनी प्रत चालेल का?

चालेल, आणि इथेच बरेच पैसे वाचतात. मराठी साहित्य महामंडळाने केलेले लेखनविषयक १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. आजही पाळले जातात ते हेच १८ नियम. त्यामुळे त्यांवर आधारलेले एखादे पुस्तक वीस वर्षांपूर्वीचे असले तरी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ शिळे झालेले नाही. पाने फाटलेली नसतील तर जुन्या बाजारातली प्रत बिनधास्त घ्या.

उलट १९६२ च्या आधीचा कोश लेखनासाठी वापरू नका. त्यात 'कांहीं', 'नाहीं' अशी अनुस्वारांची जुनी रूपे भेटतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळातला. शब्दाच्या अर्थासाठी, जुन्या छटांसाठी यांच्याइतके श्रीमंत दुसरे काही नाही. शब्द कसा लिहावा हे मात्र त्यांना विचारायचे नाही. आणि ते विकत घेण्याचीही गरज नाही, कारण शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट आहेत. तिथेच शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. संतसाहित्यावरचा प्रबंध हाती आला तर त्याची किंमत कळेल.

शासनाचे एक प्रकरण वेगळे ठेवा. ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय आणि त्यानंतर १० नोव्हेंबर २०२२ चा शासन निर्णय मराठी वर्णमालेबद्दल आहेत. अक्षरांची वळणे, जोडाक्षरे, वर्णांचा क्रम असे विषय त्यांत येतात. शाळेसाठी किंवा सरकारी खात्यासाठी मजकूर वाचत असाल तर दोन्ही उतरवून घ्या. शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

फुकटचा खजिना

मराठी विश्वकोशाचे सगळे खंड जालावर आहेत. माणसाचे नाव, जन्मसाल, वनस्पतीचे शास्त्रीय नाव अशा गोष्टी तपासायला आधी तिथे जा, मग विकिपीडियाकडे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि 'शासन व्यवहार कोश' शासनाच्या शब्दकोश संकेतस्थळावर शोधता येतात. ग्रामपंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा मजकूर तपासताना इंग्रजी पदाला अधिकृत मराठी नाव कोणते, हे तिथे कळते. छापील प्रत हवीच असेल तर नागपूरच्या शासकीय ग्रंथागारात चौकशी करा. शासनाची प्रकाशने बाजारातल्या पुस्तकांपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात.

प्रुफावरच्या खुणांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे स्वतंत्र मानक आहे, आयएस १२५०. काढून टाका, जागा सोडा, जोडा, नवा परिच्छेद, अक्षर उलटे पडले आहे, अशा खुणा त्यात आहेत. ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की मानक उतरवून घेता येते. छापखान्यातला जुना माणूस या खुणा ओळखतो, नवा डीटीपीवाला ओळखेलच असे नाही. त्याच्यासाठी समासात सरळ मराठीत लिहावे. पीडीएफवर काम असेल तर वाचण्याच्या फुकट आवृत्तीतही टिपा जोडता येतात, त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही.

फाँटवर खर्च करू नका. 'मुक्ता', 'शोभिका', 'यशोमुद्रा' हे युनिकोड फाँट मोफत आहेत. मराठी वळणाचे 'श' आणि 'ल' दिसत नसतील तर फाँट बदलण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' निवडून पाहा. अनेक फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात, पण भाषा सांगितली नाही तर ते हिंदी वळण दाखवतात. पैसे देऊन घ्यायची श्रीलिपी डीटीपी चालवणाऱ्याला लागते, फक्त वाचणाऱ्याला नाही. मात्र जुन्या फाँटमधली फाइल कुणी युनिकोडमध्ये बदलून पाठवली, तर रफार आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' ही अक्षरे पहिल्यांदा तपासा. बदलताना मोडतात ती बहुधा हीच.

आपल्या भागात 'ऱ्ह' रोज लागतो. धानाचे पऱ्हे टाकले, पऱ्हे करपले, अशी बातमी जून-जुलैत येतेच, आणि ती 'पर्हे' अशी छापून येते. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'र'च्याच कळीवर शिफ्ट दाबले की 'ऱ' येतो. त्यावर हलन्त आणि 'ह' दिला की 'ऱ्ह' तयार. हा कळफलक विंडोजमध्ये असतोच, निराळा घ्यावा लागत नाही. आठवडाभर बोटे अडखळतात, मग बसतात.

एक ओळ जवळून

दप्तरातले काय कशाला उपयोगी पडते ते एका वाक्यावर दाखवतो. वाक्य मीच रचले आहे, पण असे मजकूर इथल्या डेस्कवर रोज येतात :

'गोंदीया तालुक्यातील बिरसी येथे परतीच्या पाऊसाने धानपिकाचे नुकसान झाल्याने पिक विमा कंपनी कडून मदत मिळावी अशी मागनी शेतकर्यांनी निवेदना द्वारे केली आहे.'

'गोंदीया' चूक, 'गोंदिया' बरोबर. हे कोशात सापडणार नाही, कारण गावाची नावे कोशात नसतात. 'पाऊसाने'चे 'पावसाने' होते, हे फडक्यांच्या कोशात सामान्यरूपासह मिळेल. 'पिक विमा' हा 'पीकविमा' हवा, पण 'धानपिकाचे' मात्र आहे तसेच बरोबर. एकाच वाक्यात 'पी' दीर्घ आणि 'पि' ऱ्हस्व. प्रत्यय लागला की मराठी शब्दातला उपान्त्य दीर्घ 'ई' ऱ्हस्व होतो, समासाच्या पहिल्या पदात तो तसाच राहतो. नवशिक्या उत्साहाने दोन्ही सारखे करतो आणि बरोबर होते तेही बिघडवून ठेवतो. 'शेतकर्यांनी' ही कळफलकाची चूक, ती 'शेतकऱ्यांनी' अशी दुरुस्त करायची. 'मागनी' ही बोलीची : झाडीपट्टीच्या बोलण्यात 'ण'चा 'न' होतो आणि वार्ताहर बोलतो तसे लिहून जातो.

राहिले 'कंपनी कडून' आणि 'निवेदना द्वारे'. हा रोग गोंदियाचा खास. इथे घरात पोवारी, छत्तीसगढी किंवा झाडीबोली, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी असते. हिंदीत विभक्तीचे चिन्ह नामापासून तोडून लिहितात, सर्वनामाला मात्र जोडतात. केंद्रीय हिंदी निदेशालयाचा नियमच तसा आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात. हिंदी वृत्तपत्रे वाचून वाढलेल्या हाताला ही फूट दिसत नाही. संगणकाच्या शुद्धलेखन तपासनिसालाही ती बहुधा दिसत नाही, कारण 'कंपनी' आणि 'कडून' हे दोन्ही शब्द वेगवेगळे त्याला ओळखीचे असतात. लिब्रेऑफिससाठी मराठी तपासनीस मोफत आहे, तो जरूर जोडा. 'मागनी' तो पकडेल. 'पिक' आणि 'कंपनी कडून' पकडायला तुम्हीच लागणार.

निदेशालयाची वर्तनीची पुस्तिकाही जालावर फुकट आहे. गोंदियात काम करणाऱ्याने ती वाचावी, कारण एकाच छापखान्यात सकाळी हिंदी पत्रिका आणि दुपारी मराठी अहवाल निघतो आणि दोन्ही तुमच्याच टेबलावर येतात. मराठी मजकुरात दंड आणि हिंदीत टिंब, अशी अदलाबदल मग होत नाही.

वाक्यात अजून एक खोड आहे, तिला कुठलाच कोश हात लावत नाही. विमा कंपनी 'मदत' देत नाही, विम्याची भरपाई देते. मदत सरकार देते. शेतकऱ्यांनी नेमके काय मागितले आणि कुणाकडे, हे वार्ताहराला फोन करून विचारा. आणि बिरसी कुठली, तेही विचारा. तिरोड्याकडे बिरसी फाटा आहे. बातमीत 'गोंदिया तालुक्यातील' आहे म्हणून भागले, एरवी गफलत ठरलेली.

जे दुकानात मिळत नाही

इंग्रजीत शिकागोच्या शैलीपुस्तिकेला शंभरावर वर्षे झाली, पहिली आवृत्ती १९०६ ची. मराठीत असा एक सर्वमान्य ग्रंथ नाही. शुद्धलेखनाचे कोश आहेत, पण आकडा अंकात की अक्षरात, 'श्री.' लावायचे की नाही, 'मा. ना.' ठेवायचे की उडवायचे, तारीख कशी लिहायची, हे ज्या त्या दैनिकाने आणि प्रकाशनाने आपापले ठरवलेले असते आणि पुष्कळदा ते ज्येष्ठ उपसंपादकाच्या डोक्यातच असते. ते कागदावर आणणे हे तुमचे पहिले काम. शंभर पानी वही घ्या, वीस-तीस रुपयांची. अकारविल्हे पाने सोडा आणि प्रत्येक निर्णय तारखेसह नोंदवा. फोनवर तक्ता केला तरी चालेल, पण कुठे तरी लिहिलेले असू द्या.

या वहीत सर्वांत जास्त भरणार ती स्थानिक नावे. जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, तालुके आठ : गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. 'तिरोरा' की 'तिरोडा', 'अर्जुनी मोरगाव'मध्ये तिरकी रेघ की मोकळी जागा, 'नवेगावबांध' जोडून की तोडून, हे एकदा ठरवून वहीत टाका.

त्यापुढची नोंद बाहेरून आलेल्या संपादकांसाठी. कामठा बिरसीजवळचे, कामठी नागपूरजवळची. एका काना-वेलांटीत बातमी सव्वाशे किलोमीटर सरकते. जिल्ह्यातल्या बाघ नदीचा पुण्याकडचा कुणीतरी दर वर्षी 'वाघ' करतो, शेजारीच व्याघ्रप्रकल्प असल्याने त्याला तेच खरे वाटते. सिंचन प्रकल्पाच्या नावातही 'बाघ'च आहे. 'मामा तलाव' वाचून हसू नये. माजी मालगुजारी तलावाचे ते सर्रास चालणारे लघुरूप आहे, पहिल्या उल्लेखात पूर्ण लिहावे आणि पुढे लघुरूप. 'धान' काढून 'भात' करू नका, 'रोवणी'ची 'लावणी' करू नका, 'बोडी'ला 'छोटे तळे' म्हणू नका. पूर्व विदर्भाचा वाचक हेच शब्द वापरतो आणि ते प्रमाण मराठीला मुळीच परके नाहीत.

बोलीचा मजकूर आला तर हात आणखी आवरा. झाडीपट्टीच्या नाटकाची संहिता किंवा कथेतले संवाद असतील तर तिथे 'मागनी' हेच बरोबर आणि 'मागणी' ही चूक. अडलेच तर डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या झाडीबोलीच्या शब्दकोशाची प्रत मिळवा. मोठ्या ऑनलाइन दुकानात ती शोधत बसू नका. भंडारा-साकोलीकडच्या साहित्यिक मंडळींकडे आणि ग्रंथालयांत विचारलेले लवकर फळते.

इंग्रजी काम मिळाले तर

थोडक्यात सांगतो. आधी काहीच विकत घेऊ नका. ग्राहक कोणती पुस्तिका पाळतो ते विचारा, कारण मानसशास्त्राच्या नियतकालिकाला एपीए लागते आणि इतिहासाच्या ग्रंथाला शिकागो. शिकागोची अठरावी आवृत्ती २०२४ मध्ये आली. तिची किंमत डॉलरमध्ये ठरते आणि रुपयांत ती हजारांवर जाते, म्हणजे तुमच्या पूर्ण मराठी दप्तराच्या कितीतरी पट. नियमित काम हाती आल्यावरच घ्या. तोवर 'गार्डियन' वृत्तपत्राची शैलीपुस्तिका, युरोपीय आयोगाची इंग्रजी मार्गदर्शिका आणि अमेरिकी सरकारी मुद्रणालयाची पुस्तिका, तिन्ही जालावर फुकट आहेत. शब्दकोश म्हणून मेरियम-वेबस्टर आणि कॉलिन्स फुकट उघडतात. ग्राहक भारतीय असेल तर ब्रिटिश लेखन, अमेरिकी असेल तर अमेरिकी, एवढे पहिल्याच निरोपात पक्के करून घ्या.

पुस्तक बिरसीपर्यंत कसे आणायचे

मोठ्या मराठी पुस्तकदुकानांसाठी नागपूर गाठावे लागते. गोंदियाहून रेल्वे भरपूर आहेत, साधारण डब्याचे जाणे-येणे दोनशेच्या आत होते. पण केवळ एका कोशासाठी दिवस घालवण्यापेक्षा टपाल स्वस्त. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केले आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, वर कर. टपाल रस्त्याने किंवा रेल्वेने येते, म्हणून आठवडाभर धरा. पाकीट कुठवर आले ते पाहता येते. प्रकाशकाला फोन करून 'ज्ञान पोस्टने पाठवा' असे मुद्दाम सांगा. न सांगितल्यास कुरियर लागते आणि बिल फुगते. खेड्यात कुरियर कंपनी दारापर्यंत येतेच असे नाही, 'गोंदियाला येऊन घेऊन जा' असा फोन येतो. पोस्टमन मात्र दारात येतो.

विकत घेण्याआधी गावाजवळचे अनुदानित ग्रंथालय पाहा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांत संदर्भग्रंथांचे कपाट असते. ते कुलूपबंद असले तरी किल्ली मागायला संकोचू नका. नागपूरला कामानिमित्त गेलात तर विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात दाते-कर्वे आणि वाळंबे उघडून चाळा, मग काय घ्यायचे ते ठरवा. संघ १९२३ चा, म्हणजे संदर्भाची पुस्तके जुन्या आवृत्त्यांसकट भेटण्याची शक्यता दांडगी.

खर्च कधी निघतो

समजा पानाला १० रुपये ठरले आणि १६० पानांचे, म्हणजे १० फर्म्यांचे पुस्तक आले. १,६०० रुपये झाले, दप्तराचा खर्च एका पुस्तकात वसूल. मात्र दर ठरवताना तीन गोष्टी बोलून घ्या. एका दरात वाचने किती? दुसऱ्या वाचनाला लेखकाने नवी प्रकरणे घातली तर त्याचे पैसे वेगळे का? आणि प्रुफांची छपाई कुणाच्या खिशातून? कागदावर वाचायचे असेल तर १६० पानांची दोन वाचने म्हणजे ३२० पानांची छपाई. गोंदियात पानाला दोन-तीन रुपये जरी धरले तरी तुमची निम्मी कमाई छपाईतच संपते. म्हणून छपाई लेखकाची किंवा प्रकाशकाची, हे आधीच लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप असला तरी पुरे.

एआयच्या साधनांबद्दल हल्ली सगळेच विचारतात. मराठी ऱ्हस्व-दीर्घात ती अजून डगमगतात आणि ठामपणे चुकतात. दुसरे, अप्रकाशित प्रबंध किंवा कादंबरी लेखकाच्या परवानगीशिवाय तिथे टाकणे हा विश्वासघात आहे. शंका विचारायला वापरा, पण उत्तर कोशात पडताळून घ्या. पैसे भरून वर्गणी घेण्याइतका उपयोग नवशिक्याला नाही.

शेवटी सावधगिरीचे. 'घरबसल्या प्रूफरीडिंग, दिवसाला हजार' अशा जाहिराती फोनवर येतात. काम देण्याआधी नोंदणीचे, प्रशिक्षणाचे किंवा 'शैलीपुस्तिकेच्या सॉफ्टवेअरचे' पैसे मागितले, तर ते काम नव्हे, सापळा आहे. पुढे 'तुमच्या चुका जास्त, करार मोडला, दंड भरा' असा वकिली भाषेतला निरोप येतो. घाबरून पैसे भरू नका. पैसे गेलेच असतील तर तासाभरात १९३० या सायबर तक्रार क्रमांकावर कळवा. लवकर कळवले तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. पुस्तक किंवा सेवा विकत घेताना फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मराठीतही तक्रार नोंदवून घेतात.